विसंगती, अर्थापत्ती आणि क्लिंगॉनांचे कपाळ

कथात्म कृतीत आढळणाऱ्या विसंगतीचे काय करावयाचे, हा प्रश्न समीक्षेला नवा नाही. ॲरिस्टॉटलने 'पोएटिक्स'च्या पंचविसाव्या प्रकरणात त्याची स्वतंत्र चर्चा केली आहे. हरिणीला शिंगे नसतात हे चित्रकाराला ठाऊक नसणे, हा हरिणीचे चित्रच न साधण्याच्या मानाने किरकोळ दोष होय, असा त्याचा निर्वाळा आहे. परंतु ज्या संहितेला एक कर्ता नाही, जी अनेक लेखकांच्या हातून अनेक दशके वाढत राहते आणि जिचा शेवटचा शब्द कधीच उच्चारला जात नाही, अशा संहितेतील अंतर्विरोधाला हा न्याय कसा लावावा? अमेरिकी दूरचित्रवाणीवर 1966 साली सुरू झालेली 'स्टार ट्रेक' ही विज्ञानकथामालिका अशी संहिता आहे. तिच्यातील विसंगतींवर तिचे चाहते करीत आलेला वाद हा करमणुकीचा भाग म्हणून सोडून द्यावा असे मला वाटत नाही. अर्थनिर्णयाची एक जुनी पद्धती तेथे, स्वतःचे नावही ठाऊक नसताना, जिवंत आहे.

प्रथम एक साधे उदाहरण घेऊ. 1982 च्या 'द रॅथ ऑफ खान' या चित्रपटात खलनायक खान हा चेकॉव्ह या अधिकाऱ्याला पाहताक्षणी ओळखतो. खान ज्या भागात आला होता तो 'स्पेस सीड' हा भाग फेब्रुवारी 1967 मधील. चेकॉव्हचे पात्र मालिकेत अवतरले ते त्याच वर्षी सप्टेंबरात, दुसऱ्या पर्वात. मग ओळख कोठली? चाहत्यांचे उत्तर असे, की चेकॉव्ह तेव्हाही यानावर होता, केवळ आपल्या दृष्टीस पडला नव्हता. मीमांसकांची अर्थापत्ती ती हीच. लठ्ठ देवदत्त दिवसा जेवत नाही, ही दोन्ही विधाने प्रमाण मानली तर तो रात्री जेवतो असे कल्पिल्यावाचून गत्यंतर नाही. (एम.ए.च्या वर्गात देवदत्ताचे नाव काढताच विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावर जी मरगळ येते, ती चेकॉव्हच्या दाखल्याने दूर होते, हा माझा अनुभव आहे.)

साम्य इतक्यावर थांबत नाही. वेद अपौरुषेय असल्यामुळे वेदवाक्यांतील विरोधाचा दोष कर्त्याच्या माथी मारण्याची वाट मीमांसकाला बंद असते. चाहत्याला ती वाट उघडी आहे. पटकथालेखक विसरला, पैसा कमी पडला, हे त्याला आपल्यापेक्षा अधिक तपशिलाने माहीत असते. तरीही वादापुरता तो कर्त्याला बाजूस सारतो. हे स्वेच्छेने पत्करलेले अपौरुषेयत्व आहे. शेरलॉक होम्सच्या वाचकांनी हा खेळ फार पूर्वी मांडला. रोनाल्ड नॉक्सने 1911 मध्ये बायबलच्या जर्मन चिकित्सापद्धतीचे विडंबन म्हणून होम्सकथांची अशी चिकित्सा केली. वॉटसनच्या युद्धातील जखमेचे एकदा खांद्यावर आणि एकदा पायात असणे तेव्हापासून विद्वत्तेचा विषय झाले आहे. हेन्री जेन्किन्स यांनी 'टेक्स्च्युअल पोचर्स' (1992) या ग्रंथात चाहत्यांना दुसऱ्याच्या रानात घुसून हवे ते उचलणाऱ्या चोरट्या शिकाऱ्यांची उपमा दिली. चाहत्यांच्या स्वतंत्र लेखनापुरती ती मार्मिक आहे. विसंगतीच्या वादात मात्र ते शिकारी नसून रानाचे राखणदार असतात, आणि कित्येकदा मालकाहून कडक.

आता कठीण प्रकरण. मूळ मालिकेतील क्लिंगॉन हे शत्रुजमातीचे लोक सपाट कपाळाचे आहेत. 1979 च्या पहिल्या चित्रपटापासून त्यांच्या कपाळावर हाडांचे उंचवटे आले. कारण उघड आहे: चित्रपटाला रंगभूषेवर खर्च करणे परवडत होते. परंतु खेळाच्या नियमात हे कारण बसत नाही. क्लिंगॉनांचे दोन वंश असावेत, हे एक समाधान सुचविले गेले. 'डीप स्पेस नाइन' या उपमालिकेच्या 1994 मधील 'ब्लड ओथ' या भागाने ते निकालात काढले. 1967 मध्ये सपाट कपाळाचा असलेला कोर तेथे, त्याच नटाच्या रूपात, उंचवट्यांसह परतला. दुसरे समाधान असे, की उंचवटे पूर्वीही होतेच, आपल्याला दाखविले गेले नाहीत एवढेच. 1996 मध्ये तोही मार्ग खुंटला. त्या वर्षीच्या 'ट्रायल्स अँड ट्रिबल-एशन्स' या भागात नवी पात्रे कालप्रवास करून 1967 च्या चित्रणात शिरतात, जुन्या क्लिंगॉनांना प्रत्यक्ष पाहतात आणि चक्रावतात. सहकारी क्लिंगॉन वॉर्फला विचारतात: जनुकांत फेरफार? विषाणू? परक्यांशी आम्ही याविषयी बोलत नाही, अशा अर्थाचे उत्तर देऊन वॉर्फ तोंड फिरवतो.

माझ्या मते या संपूर्ण वादातील सर्वांत समर्थ वाङ्मयीन क्षण हाच आहे. विसंगती येथे मान्य केली आहे, पण भरून काढलेली नाही. एका जमातीच्या मौनात, कदाचित लाजेत, तिचे रूपांतर झाले आहे. अर्थापत्तीला अन्यथानुपपत्ती लागते, म्हणजे कल्पिलेल्या अर्थाखेरीज दुसऱ्या कशाने विरोध मिटता कामा नये. चेकॉव्हच्या बाबतीत ही अट बहुतांशी पाळली जाते. क्लिंगॉनांच्या बाबतीत पाच-सहा समाधाने सारखीच संभवतात, म्हणून त्यांतील एकही प्रमाण नाही. वॉर्फचे मौन तर्कदृष्ट्याही निर्दोष आहे.

2005 मध्ये 'एंटरप्राइझ' या उपमालिकेच्या दोन भागांनी तोच थट्टेचा संवाद गंभीरपणे घेतला. क्लिंगॉनांनी सुधारित मानवी जनुकांचा प्रयोग केला, त्यातून साथ पसरली, उपायाने प्राण वाचले पण कपाळे सपाट झाली. अनेक चाहत्यांना यामुळे समाधान वाटले. मला मात्र येथे काहीतरी गमावल्यासारखे वाटते, आणि ते केवळ रसहानीपुरते नाही. 1967 चा क्लिंगॉन म्हणजे रंगाने काळवंडलेला चेहरा, लोंबत्या मिशा, तिरप्या भुवया. शीतयुद्धकाळातील अमेरिकेने पूर्वेकडचा शत्रू कसा कल्पिला, याचा तो दस्तऐवज आहे. विषाणूच्या कथेने ते रूप रोगाचे लक्षण ठरविले आणि त्या चेहऱ्यामागचा वंशविषयक पूर्वग्रह संहितेच्या आतून दिसेनासा झाला. अपौरुषेयत्व खेळ म्हणून पत्करणे वेगळे. ते मालकाने अधिकृत केले की कर्त्याबरोबर त्याचा इतिहासही पुसला जातो.

पुढे 2017 मध्ये 'डिस्कव्हरी' ही उपमालिका आली. तिचा कथाकाळ मूळ मालिकेच्या सुमारे दहा वर्षे आधीचा, आणि तिच्यातील क्लिंगॉन केशहीन, निराळ्याच कवटीचे. विषाणूच्या साथीनंतरचे हे लोक असे कसे, यावर वाद नव्याने पेटला. त्यात काही चाहत्यांनी, ही नुसती रंगभूषा आहे, तिचा अर्थ लावू नये, अशी भूमिका घेतली. म्हणजे 1996 मध्ये बंद झालेले दार त्यांनीच पुन्हा ठोठावले.