तमाशाचं ‘लोकनाट्य’ कशामुळे झालं?

‘सरकारने तमाशावर बंदी घातली, म्हणून अण्णाभाऊ साठेंनी तमाशाला लोकनाट्य हे नाव दिलं.’ जयंतीच्या भाषणांत, परीक्षेच्या नोट्समध्ये आणि थोड्याफार फरकाने प्रबंधांच्या पहिल्या प्रकरणातसुद्धा हे वाक्य भेटतं. लक्षात राहायला छान आहे. एक खलनायक, एक नायक, एक शब्द. पण संशोधनाच्या तयारीत असलेल्यांनी ते जरा उकलून बघावं, कारण त्यात एक नाही, तीन दावे आहेत. तमाशाचं रूप बदललं, त्याचं नाव बदललं, आणि दोन्हीचं कारण बंदी.

आधी तारखा लावू. मी मूळची रसायनशास्त्राची, त्यामुळे ही सवय सुटत नाही. अण्णाभाऊ, अमर शेख आणि गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं 1944 मध्ये. प्रेक्षक म्हणजे परळ-लालबागचे गिरणी कामगार. सातारा, सांगली, कोकणातून आलेले, तमाशा किंवा नमन-खेळे बघत वाढलेले. या लोकांसमोर अण्णाभाऊंनी गणातल्या गणपतीच्या जागी मायभूमी आणि शिवाजी महाराज आणले, गवळण काढून टाकली, म्हणजे कृष्ण, पेंद्या, मावशी सगळेच गेले. ठेवलं काय? सोंगाड्या, बतावणीची हजरजबाबी भाषा आणि वगाची चाल. बंदी आली ती स्वातंत्र्यानंतर, बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आणि मोरारजी देसाई गृहमंत्री असताना. म्हणजे रूपबदल आधीचा, बंदी नंतरची. कार्य आधी आणि कारण मागून, असं होत नाही. पहिला आणि तिसरा दावा जोडणारा ‘म्हणून’ इथेच गळतो.

उरलं नाव. बंदीमुळे ‘तमाशा’ शब्द फलकावरून उतरवावा लागला आणि दुसरा शब्द सोयीचा ठरला, हे अगदी शक्य आहे. पण शक्य असणं आणि झालेलं असणं यांत फरक आहे. त्यासाठी पुरावा कसला लागेल? त्या त्या वर्षीचं हँडबिल, परवानगीचा अर्ज, वर्तमानपत्रातली जाहिरात, पुस्तिकेच्या पहिल्या आवृत्तीचं मुखपृष्ठ. पुढच्या आवृत्तीची प्रस्तावना चालणार नाही, कारण ती नाव रूढ झाल्यावर लिहिलेली असते आणि मागच्या काळालाही तेच नाव चिकटवते. दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात बसून जुनी पानं उलटणं हे कंटाळवाणं काम आहे. पण व्युत्पत्तीवर चार पानं लिहिण्यापेक्षा त्यातून जास्त हाती लागतं.

व्युत्पत्तीचं तर काय सांगावं. ‘तमाशा’चं मूळ अरबीत ‘चालणं’ या अर्थाच्या धातूत आहे. फारसीत त्याचा अर्थ फेरफटका मारत बघणं असा झाला आणि मग देखावा. माहिती खरी आहे, पण परळच्या मैदानात शब्द का बदलला याचं उत्तर त्यात नाही. शब्दाचं मूळ आणि नामकरणाचा इतिहास हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि आपल्याकडे पहिल्याचं उत्तर देऊन दुसऱ्याचे मार्क घेतले जातात.

आता कंट्रोल म्हणून एक उदाहरण घ्या. सत्यशोधकांनी तमाशाचाच साचा घेऊन प्रचाराचे खेळ केले आणि त्यांना नाव दिलं ‘जलसा’. पुढे भीमराव कर्डक वगैरेंनी आंबेडकरी जलसे गाजवले. (गंमत म्हणजे जलसा हाही अरबीच, आणि त्याच्या मुळाशी ‘बसणं’ आहे.) तिथे सरकारी बंदी नव्हती, तरी ‘तमाशा’ हा शब्द टाळला गेला. शब्दाला शृंगाराचा आणि कलावंतांच्या जातीचा ठपका लागलेला होता. घरातसुद्धा ‘तमाशा करू नकोस’ असंच म्हणतात. म्हणजे नाव बदलण्याची ओढ बंदीच्या कितीतरी आधीची आहे. बंदीने तिला फार तर जोर दिला असेल.

मग ‘लोक’च का? माझ्या मते खरा प्रश्न हा आहे, आणि तो कुणी फारसा विचारत नाही. चाळीसच्या दशकात कम्युनिस्ट पक्षाचं मराठी साप्ताहिक होतं ‘लोकयुद्ध’. तिथे ‘लोक’ म्हणजे लढणारी जनता. 1943 मध्ये मुंबईत इप्टा स्थापन झाली. तिला हिंदीत ‘जन नाट्य’ म्हणाले, बंगालीत ‘गणनाट्य’. मराठीत ‘गणनाट्य’ म्हटलं असतं तर प्रेक्षकांनी गणपतीचीच वाट बघितली असती! पण दुसरीकडे ‘लोकगीत’, ‘लोककथा’ यांतला ‘लोक’ वेगळा आहे: जुना, गावातला, जपून ठेवण्याजोगा. लाल बावट्याच्या ‘लोक’मध्ये संप होता, गिरगाव-दादरच्या नाट्यगृहात ‘लोकनाट्य’ म्हणून तिकीट काढणाऱ्याला त्यात परंपरा दिसली. 1965 मध्ये वसंत सबनिसांचं ‘विच्छा माझी पुरी करा’ आलं, तोवर हा दुसरा अर्थ पक्का झाला होता, असं मी म्हणेन. शब्द तोच राहिला, आतला माल बदलला. शब्दाला प्रतिष्ठा मिळाली. ज्या महार, मांग, कोल्हाटी कलावंतांनी हा फड पिढ्यानपिढ्या चालवला, त्यांना त्यातली किती मिळाली, हे नामकरणाच्या कथेत येतच नाही.

नामकरणाची नीट नोंद असली की चित्र कसं दिसतं, यासाठी थोडं लांब, हैतीला जाऊ. नेमूर झाँ-बाप्तिस्त या सॅक्सोफोनवादकाने 1955 मध्ये आपल्या नाचाच्या संगीताला ‘कोंपा दिरेक्त’ नाव दिलं. मूळ शब्द स्पॅनिश ‘कोंपास’, म्हणजे ताल. त्याच्याच बँडमध्ये वाजवलेला वेबेर सिको बाहेर पडला आणि थोडाफार फेरफार करून आपल्या संगीताला ‘कादांस रांपा’ म्हणू लागला. दोघांच्या तालात फरक कमी, फलकांत जास्त. इथे माणूस, काळ आणि प्रतिस्पर्धी तिन्ही हाती आहेत, म्हणून नाव का ठेवलं हे कळतं: गर्दी आपल्याकडे ओढायला. ‘कोंपास’चा अर्थ कळून हे कळलं नसतं.

आपल्याकडेही फलक आहेत की. जत्रेत तंबूच्या दारावर बघा: ‘विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर लोकनाट्य तमाशा मंडळ’. दोन्ही शब्द शेजारी शेजारी. फडवाल्यांनी नवं नाव घेतलं, पण जुनं सोडलं नाही, कारण तिकीट काढणारा ‘तमाशा’च बघायला येतो. कुणाला प्रबंधिकेसाठी विषय हवा असेल तर हा घ्या. या फलकांचे, तंबूंचे, हँडबिलांचे जुने फोटो जमवा आणि कोणत्या फडावर कोणत्या सालापासून हे दोन शब्द एकत्र दिसतात, त्याचा साधा तक्ता करा.