कोरडा वायू आणि धुराड्यातील वायू

घन अधिशोषकांच्या साहाय्याने वीजकेंद्रांतील कार्बन डायऑक्साइड वेगळा करण्याविषयी गेल्या दोन दशकांत विपुल लेखन झाले. त्यापैकी पुष्कळ निबंधांत नव्या पदार्थाची महती एकाच आकड्यावर तोललेली असते: 25 अंश सेल्सिअस तपमानास व 1 बार दाबास तो शुद्ध वायू किती सामावतो. कोळशाच्या वीजकेंद्रातील धुराड्यात मात्र हा वायू 12 ते 15 टक्केच असतो. शिवाय 50 अंशांस बाष्पाने संपृक्त झालेल्या धुरात पाणीही सुमारे 12 टक्के असते. म्हणजे जो पाहुणा घरात घ्यावयाचा, त्याच्याइतकाच मोठा आगंतुक दाराशी उभा असतो.

मॅग्नेशियमयुक्त एमओएफ-74 या पदार्थाचा इतिहास या दृष्टीने उद्‌बोधक आहे. 2008 मध्ये कास्की, वाँग-फॉय व मॅट्झगर यांनी त्याची असाधारण धारणक्षमता दाखविली आणि तो पुढील तुलनांचा मानदंड होऊन बसला. त्याचे सामर्थ्य उघड्या मॅग्नेशियम-केंद्रांत आहे. परंतु ही केंद्रे पाण्यालाही तितक्याच, किंबहुना अधिक, आतुरतेने धरतात. मॅट्झगर यांच्याच गटाने 2011 मध्ये दाखविले की, 70 टक्के सापेक्ष आर्द्रतेचा संपर्क व त्यानंतरचे पुनरुज्जीवन यांअंती मूळ क्षमतेचा सुमारे 16 टक्केच भाग उरतो. आपल्याच पदार्थाची अशी निर्भीड परीक्षा विरळा. खेदाची गोष्ट ही की, पहिल्या निबंधाचा आकडा सर्वत्र फिरला, दुसऱ्याचा तितका नाही.

पाणी क्षणभर बाजूस ठेवले तरी अडचण संपत नाही. राजगोपालन, आविला व राजेंद्रन यांनी 2016 मध्ये चार अधिशोषकांची संपूर्ण निर्वात-चक्रात तुलना केली. तेव्हा एमओएफ-74 हा यूटीएसए-16 व जुन्या झिओलाइट 13एक्सच्या मागे पडला. प्रचलित निकष हा क्रम सांगू शकले नाहीत. वायू घट्ट धरणारा पदार्थ तो सोडतानाही कुरकुरतो, आणि नायट्रोजनला थोडाही थारा देणारा पदार्थ उत्पादनाची शुद्धता बिघडवितो. किती घेतले यापेक्षा प्रत्येक फेरीत किती परत दिले, हा खरा प्रश्न.

त्याचे परिमाण साध्या हिशेबाने कळते. एका किलोग्रॅममागे प्रतिफेरी 1 मोल, म्हणजे 44 ग्रॅम, वायू मिळत असेल, तर ताशी 400 टन वायू पकडण्यास तासाच्या फेरीत नऊ हजार टनांवर अधिशोषक लागेल. फेरी पाच मिनिटांवर आली की साडेसातशे टनांच्या आसपास पुरेल. वेग हा येथे क्षमतेइतकाच मोलाचा ठरतो.

सिंगापूर येथील 13एक्सच्या प्रायोगिक संयंत्राचा 2014 मधील निबंध या बाबतीत अधिक जबाबदार आहे. 15 टक्के मिश्रणातून सुमारे 95 टक्के शुद्धता व 90 टक्के प्राप्ती त्याने प्रत्यक्ष मोजली. टनामागे 472 किलोवॅट-तास वीज खर्ची पडली. कोळशाचे केंद्र दर मेगावॅट-तासामागे 900 किलोग्रॅम वायू सोडते असे धरल्यास ही किंमत उत्पादित विजेच्या तृतीयांशाहून अधिक भरते. अर्थात लहान पंपांवरचे मापन मोठ्या संयंत्रास जसेच्या तसे लागू करणे अन्यायाचे होईल. निबंधाच्या शीर्षकातच ‘कोरडा’ हे विशेषण आहे, आणि वाचकाने तेथेच थांबून विचार करावयास हवा. कारण वायू कोरडा करण्याचा खर्च हिशेबात नाही.

पाणी नेहमी वैरीच असते असे नाही. अमाइनयुक्त सिलिकावर कोरड्या वायूत युरियासदृश बंध तयार होऊन अमाइन निकामी होते. बाष्प असता ही हानी टळते, हे सयारी व बेलमाब्खूत यांनी 2010 मध्ये दाखविले. जस्त, ट्रायॅझोल व ऑक्झॅलेट यांपासून बनलेला कॅल्फ-20 (2021) हाही बोधप्रद आहे. त्याची क्षमता एमओएफ-74च्या निम्म्याच्या आसपास. पण 40 टक्के सापेक्ष आर्द्रतेपर्यंत तो पाण्यापेक्षा कार्बन डायऑक्साइडला पसंती देतो आणि वाफेच्या साडेचार लाखांहून अधिक फेऱ्या सोसतो. केवळ धारणक्षमतेच्या कोष्टकात त्याचे नाव बरेच खाली लागले असते.

गंधकाच्या डायऑक्साइडचे प्रकरण अद्याप दुर्लक्षित आहे. अमाइनशी तो असा जखडतो की साध्या तापविण्याने सुटत नाही. भारतात हा प्रश्न अधिक बिकट होईल. कारण 2015 मध्ये घातलेल्या मर्यादेनंतर, 2025 मध्ये बहुसंख्य कोळसा-केंद्रांना गंधकनिवारण यंत्रणेच्या बंधनातून सूट मिळाली. तेथील धुरासाठी सुचविलेल्या अधिशोषकाची परीक्षा गंधकयुक्त, ओल्या वायूतच झाली पाहिजे.