पाण्यातून नॅनोकणांचे पृथक्करण : टक्केवारीच्या निकषाची चिकित्सा

जलशुद्धीकरणासाठी नॅनोकणांचा उपयोग सुचविणारे संशोधन गेल्या दोन दशकांत विपुल प्रमाणात प्रसिद्ध झाले आहे. अशुद्धी शोषून घेण्याची या कणांची क्षमता बहुतेक अभ्यासांत काटेकोरपणे मोजली जाते. मात्र काम झाल्यावर ते कण पाण्याबाहेर कसे काढावयाचे, हा प्रश्न शोधनिबंधाच्या शेवटी एखाद्या परिच्छेदात उरकला जातो. पाणी पिणाऱ्याच्या दृष्टीने मात्र तोच प्रश्न पहिला आहे.

कण आपोआप तळाशी बसेल, ही अपेक्षा येथे व्यर्थ ठरते. १२ नॅनोमीटर व्यासाचा मॅग्नेटाइटचा कण स्टोक्सच्या नियमानुसार एक सेंटिमीटर खाली येण्यास जवळपास वर्ष घेईल. प्रत्यक्षात पाण्याच्या रेणूंचे धक्के त्याला तेवढेही स्थिर राहू देत नाहीत. अतिवेगवान अपकेंद्रित्र हे प्रयोगशाळेचे साधन आहे, पाणीपुरवठ्याचे नव्हे. अतिसूक्ष्म गाळण पटले कण अडवितात, पण त्यांना दाब लागतो आणि त्यांची छिद्रे बुजतात. तुरटीसारख्या द्रव्याने कणांचे पुंजके करता येतात. त्यातून गाळ निर्माण होतो आणि कणांची पुनर्वापराची शक्यता संपते. या पार्श्वभूमीवर चुंबकीय पृथक्करणाने संशोधकांना मोहित केले, यात नवल नाही.

या विचाराला खरी गती २००६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या यावुझ, कोल्विन आणि सहकाऱ्यांच्या निबंधाने दिली. अमेरिकेतील राइस विद्यापीठातील या गटाने मॅग्नेटाइटचे नॅनोस्फटिक मीटरमागे १०० टेस्लापेक्षाही कमी चुंबकीय प्रवणतेत वेगळे होतात, हे दाखविले. एकेका कणावरील बल विचारात घेतले तर इतक्या क्षीण क्षेत्रात ते घडू नये. परंतु कण स्वतंत्रपणे वागत नाहीत; त्यांच्या पृष्ठभागाजवळील तीव्र प्रवणतेमुळे ते एकत्र येतात आणि क्षेत्र काढताच पुन्हा विखुरतात, असा उलगडा या गटाने केला. निबंधाचे खरे मोल या निरीक्षणात आहे. १२ नॅनोमीटरच्या कणांच्या एका ग्रॅमला सुमारे ९५ चौरस मीटर पृष्ठभाग मिळतो. त्यामुळे आर्सेनिक काढताना निर्माण होणाऱ्या टाकाऊ द्रव्याचे वजन अनेक पटींनी घटते, हा त्यांचा दावाही समजण्याजोगा आहे. कुपीला चुंबक लावला की द्रव स्वच्छ होतो, हे चित्र वर्गात दाखविण्यास फारच सोयीचे; त्याच्या लोकप्रियतेत या सोयीचा वाटा कमी नाही.

अडचण ‘स्वच्छ’ या शब्दात आहे. पृथक्करणाचे यश सामान्यतः वस्तुमानाच्या टक्केवारीत किंवा गढूळपणा घटल्याच्या प्रमाणात सांगितले जाते. एका लिटर पाण्यात १२ नॅनोमीटरचे फक्त १ मिलिग्रॅम मॅग्नेटाइट घातले, तर कणांची संख्या सुमारे २ कोटी कोटी होते. त्यांपैकी ९९ टक्के काढले तरी लिटरमागे सुमारे २ लाख कोटी कण उरतात, आणि डोळ्यांना ते पाणी नितळच दिसते. शिवाय कोणते कण उरतात? याच निबंधाने ४ आणि १२ नॅनोमीटरच्या कणांचे मिश्रण वेगवेगळ्या क्षेत्रांत वेगळे करून दाखविले. तेथे ते कौशल्य ठरले. पिण्याच्या पाण्यात तोच दोष ठरतो. मोठा कण धरणाऱ्या क्षेत्रातून लहान कण निसटतात. ४ नॅनोमीटरच्या कणाचे वस्तुमान १२ नॅनोमीटरच्या कणाच्या २७ व्या भागाइतके असते, म्हणजे उरलेले तेवढेच वस्तुमान संख्येने २७ पट अधिक कणांचे असते. दर ग्रॅममागे त्यांचा पृष्ठभागही तिप्पट, म्हणून आर्सेनिक वाहून नेण्याची त्यांची क्षमताही अधिक. आर्सेनिक कणावर ‘शोषले गेले’ याचा अर्थ ते पाण्यातून ‘निघून गेले’ असा होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम आहे. तो हिशेब प्यालात येणाऱ्या एकूण आर्सेनिकचा करावा लागतो.

पुढे याच गटाने गंज, खाद्यतेल अशा घरगुती वस्तूंपासून मॅग्नेटाइट बनविण्याची रीत मांडली. तिच्यामागील सद्भाव निर्विवाद आहे. पण एकसारख्या आकारावर उभी असलेली पद्धत स्वयंपाकघरात नेल्यास आकाराच्या फरकाचा प्रश्न अधिकच तीव्र होतो.

दुसरा आक्षेप पाण्याविषयी. बंगालच्या खोऱ्यातील भूजलात फॉस्फेट व सिलिकेट असतात आणि ते कणाच्या पृष्ठभागावरील जागेसाठी आर्सेनिकशी स्पर्धा करतात. नैसर्गिक सेंद्रिय द्रव्ये कणांवर थर धरतात व त्यांना विखुरलेले ठेवतात. अमेरिकेतील स्वानी नदीच्या पाण्यात कार्बनच्या नॅनोनलिकांबाबत हे २००७ मध्ये दिसून आले. उलट, कठीण पाण्यातील कॅल्शियम पुंजके होण्यास मदत करते. म्हणजे एकच पद्धत दोन गावांच्या विहिरींत दोन प्रकारे वागेल. ऊर्ध्वपातित पाण्यावर मिळालेला आकडा त्यांपैकी कोणत्याही विहिरीचा नसतो.

या संदर्भात कोल्विन यांच्या गटाचेच नंतरचे काम अधिक बोलके आहे. मेक्सिकोतील ग्वानाहुआतो येथील भूजलावरचा जो अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात नॅनोमॅग्नेटाइट वाळूच्या थरात बसविले होते. मोकळा कण आणि नंतर चुंबक, या क्रमाऐवजी कण आधीच जखडलेला. चेन्नईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत टी. प्रदीप यांच्या गटाने २०१३ मध्ये वेगळ्या मार्गाने जवळपास हेच साधले. ॲल्युमिनियम ऑक्सिहायड्रॉक्साइड व कायटोसॅन यांच्या दाणेदार संमिश्रात चांदीचे नॅनोकण अडकवून ठेवले, जेणेकरून पाण्यात कण न जाता मर्यादित प्रमाणात चांदीचे आयनच जावेत. टाटा केमिकल्सच्या २००९ मधील ‘स्वच्छ’ गाळणीतही चांदीचे कण भाताच्या तुसाच्या राखेवर बसविलेले होते.

कण जखडला की त्याचा मोकळा पृष्ठभाग आणि म्हणून शोषणक्षमता काही अंशी घटते, ही किंमत खरी आहे. पण ती मोजता येते. निसटलेल्या कणांची किंमत टक्केवारीआड झाकली जाते. तथापि जखडणे म्हणजे कायमचे जखडणे नव्हे. वाळूच्या थरातून वर्षभर पाणी वाहिल्यावर, आम्लता बदलल्यावर, दाणे एकमेकांवर घासल्यावर किती कण सुटतात, याची मोजणी बाहेर पडणाऱ्या पाण्यातील कणसंख्येने व्हावयास हवी आणि ती गाळणीच्या पूर्ण आयुष्यभर व्हावी. वापरून झालेल्या, आर्सेनिकने भरलेल्या त्या वाळूचे गावात काय करावयाचे, हा हिशेब तर अद्याप फारच थोड्या निबंधांत सापडतो.