बिघडलेले मिश्रण, साधलेले मिश्रण : ‘डिस्टेंपर’ या शब्दाचा तौलनिक विचार

मराठी भाषकाला ‘डिस्टेंपर’ हा इंग्रजी शब्द दोन ठिकाणी भेटतो. भिंतींना द्यावयाचा, पाण्यात कालवलेला रंग ही त्याची नित्याची ओळख. दुसरी ओळख पशुवैद्यकातील आहे. मुख्यतः कुत्र्यांना होणारा हा विषाणुजन्य रोग २०१८ साली गीरच्या सिंहांमध्ये आढळला, तेव्हा वृत्तपत्रांतून हे नाव सामान्य वाचकापर्यंत पोहोचले. रंग आणि रोग यांत काही नाते असेल, अशी शंका सहसा कोणाला येत नाही. हे नाते मात्र व्युत्पत्तीइतके जुने आहे. ते ध्यानात घेतल्याखेरीज शेक्सपिअरकालीन इंग्रजीचे मराठीकरण होताना नेमके काय निसटते हे उमगत नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

लॅटिन ‘तेंपेरारे’ या क्रियापदाचा अर्थ योग्य प्रमाणात मिसळणे आणि त्यावरून आवरणे, संयमात ठेवणे असा होतो. मध्ययुगीन लॅटिनमध्ये त्याला ‘दिस्’ हा उपसर्ग लागून जे रूप सिद्ध झाले, ते दोन दिशांनी गेले. एका दिशेला मिश्रणाचे प्रमाण बिघडवणे, तर दुसऱ्या दिशेला घन पदार्थ द्रवात भिजवून कालवणे. पहिला अर्थ वैद्यांनी उचलला. रक्त, कफ, पिवळे पित्त आणि काळे पित्त या चार द्रवांचे योग्य मिश्रण म्हणजे आरोग्य, ही गेलेनच्या परंपरेतील धारणा होती. साहजिकच मिश्रण बिघडले की ‘डिस्टेंपर’. दुसरा अर्थ चित्रकारांच्या हाती आला. खडूची पूड आणि रंगद्रव्य सरसाच्या पाण्यात कालवले की त्यालाही हेच नाव मिळाले. इटालियनमधील ‘तेंपेरा’ आणि फ्रेंचमधील ‘देत्रांप’ ही याच कुळातील चित्रपद्धतींची नावे आहेत. स्वभावासाठी ‘टेंपरामेंट’ आणि उष्णतामानासाठी ‘टेंपरेचर’ हे शब्दही तेथूनच आले. चार द्रवांचा सिद्धान्त वैद्यकातून हद्दपार झाला, तरी त्याचा शब्द कुत्र्याच्या आजारात शिल्लक राहिला.

मराठीने ‘डिस्टेंपर’ घेतला तो दोन सुट्या अर्थांनी. त्यांना जोडणारे क्रियापद मागेच राहिले. ते क्रियापद मराठीला अपरिचित आहे, असे मात्र नव्हे. आपण ‘प्रकृती कशी आहे?’ असे विचारतो तेव्हा आयुर्वेदाची परिभाषाच बोलत असतो. धातूंचे साम्य ही प्रकृती आणि त्यांचे वैषम्य हा विकार, अशी चरकसंहितेची मांडणी आहे. फारसीच्या वाटेने मराठीत आलेल्या ‘मिजास’ या शब्दाच्या मुळाशी अरबी ‘मिजाज’ आहे, आणि त्याचा धात्वर्थही मिसळणे हाच. युनानी वैद्यकात ‘मिजाज’ हा आजही पारिभाषिक शब्द आहे. उर्दूत त्याच शब्दाने प्रकृतीची विचारपूस होते. मराठीत मात्र त्याचा अर्थ तोऱ्यापुरता आकसला. तिसरा शब्द अस्सल घरगुती आहे. चुना कालवतात, रंग कालवतात, भात कालवतात. आणि दुःखद वार्ता ऐकून काळजात कालवाकालव होते. येथे एकाच क्रियेतून भिंतीचा लेप आणि अंतःकरणाची अस्वस्थता दोन्ही व्यक्त होतात.

‘हॅम्लेट’ नाटकात या शब्दाच्या अर्थछटांवर नाट्य उभे राहते. तिसऱ्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात राजाची अवस्था या शब्दाच्या विशेषणरूपाने सांगितली जाते. मद्यामुळे का, असे राजपुत्र विचारतो. उत्तर मिळते, संतापामुळे. मूळ इंग्रजीत संतापासाठी आलेला शब्द पित्ताचाही वाचक असल्याने राजपुत्र लगेच वैद्याची आणि रेचकाची भाषा सुरू करतो. थोड्याच वेळाने ‘डिस्टेंपर’चे कारण खुद्द राजपुत्रालाच विचारले जाते. मद्य, क्रोध, रोग आणि चित्तभ्रम या चारही शक्यता एका शब्दात कालवलेल्या आहेत.

गोपाळ गणेश आगरकरांनी १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या भाषांतराला ‘विकारविलसित’ असे नाव दिले. ‘विकार’ हा शब्द रोग आणि मनोवृत्ती या दोहोंना कवेत घेतो. त्या दृष्टीने या नाटकाच्या जगाला याहून समर्पक संज्ञा सापडणे कठीण. तरीही एक भेद उरतो. ‘विकार’ म्हणजे मूळ रूपापासून ढळणे. त्यात बदल आहे, मिश्रण नाही. ‘कालवाकालव’ या शब्दात मिश्रण आहे. पण ती करुणेने वा हुरहुरीने होते, रोगाची वाचक होत नाही. म्हणजे एका इंग्रजी शब्दाचा आशय मराठीत दोन शब्दांत विभागला गेला असून त्यांतील एक वैद्यशास्त्राकडे, तर दुसरा स्वयंपाकघराकडे आणि गवंड्याच्या घमेल्याकडे राहिला आहे.

समानार्थी शब्द शोधण्यापाशी थांबणाऱ्या कोशनिष्ठ तुलनेला ही विभागणी दिसू शकत नाही. एका भाषेतील शब्दाच्या पोटात असलेली क्रिया दुसऱ्या भाषेने कोणत्या व्यवहारात जपली आहे, हे पाहिल्यावरच ती दिसते. शेक्सपिअरच्या पुढच्या मराठी भाषांतरकाराने या प्रवेशाशी थांबून ‘विकार’ आणि ‘कालवणे’ हे दोन्ही शब्द हाताशी ठेवावेत. संतापलेल्या राजाच्या वर्णनात कोणता शब्द वापरायचा, हे ठरवताना तो राजाच्या दुखण्याचे निदानही करीत असेल.