‘वाइल्ड वाइल्ड कंट्री’तले हरवलेले पुणे

मार्च २०१८मध्ये नेटफ्लिक्सवर आलेली ‘वाइल्ड वाइल्ड कंट्री’ ही सहा भागांची माहितीपट-मालिका मी दोनदा पाहिली. पहिल्यांदा सगळ्यांसारखी, शीला पुढे काय करते या उत्सुकतेने. दुसऱ्यांदा फक्त जेन स्टॉर्कसाठी.

मॅक्लेन आणि चॅपमन वे या भावांनी जुन्या चित्रफिती उपसून रजनीशांच्या ऑरेगनमधील नगराची कथा रचली आहे. चौसष्ट हजार एकरांचे रान, बंदुका, निवडणूक, १९८४ साली द डॅल्स गावच्या उपाहारगृहांत पसरवलेले साल्मोनेला जंतू आणि आजारी पडलेली ७५१ माणसे. कथन पकड घेते, यात वाद नाही. पण साधी माणसे इथवर येतात कशी, हा प्रश्न मालिकेच्या हातून निसटतो.

जेन ऑस्ट्रेलियातली, कॅथलिक संस्कारांत वाढलेली, दोन मुलांची आई. १९८५च्या जुलैमध्ये भर उत्सवात तिने रजनीशांच्या डॉक्टरला विषारी इंजेक्शन टोचले. डॉक्टर वाचले, ती तुरुंगात गेली. मालिकेत वयस्क जेन हे शांतपणे सांगते. कॅमेरा मात्र त्या सुईवरच खिळतो, आणि सुईपर्यंतचा रस्ता कोरेगाव पार्कातून जातो. १९७४ ते १९८१ या पुण्यातल्या वर्षांना मालिका प्रस्तावनेपुरतेच वापरते.

पुण्यात काय घडत होते? संध्याकाळच्या दर्शनात गुरू गळ्यात माळ घालत आणि नवे नाव देत. लग्नात तांदळावर सुनेचे नाव नव्याने लिहिणाऱ्या आपल्या समाजाला त्याची ताकद वेगळी सांगायला नको. सकाळी सक्रिय ध्यान: वेगाने श्वास, मग मनमुराद रडणे-ओरडणे, मग ‘हू’ करत उड्या आणि एकाएकी स्तब्ध होणे. एवढ्या दमणुकीनंतर येणारी शांतता खरीच असते. तिला थोतांड म्हणणाऱ्या आपल्या विवेकवादी मित्रांशी मी सहमत नाही. मेख पुढे आहे. श्वास तुमचा, घाम तुमचा, पण शांतता गुरूच्या खात्यावर जमा होते.

त्यावर मुख्यतः पाश्चात्त्यांसाठी चालणारे ‘एन्काउंटर’ गट. वोल्फगांग डोब्रोवोल्नी यांच्या तेव्हाच्या माहितीपटात बंद खोलीतली ती मारामारी दिसते. कॅलिफोर्नियातल्या एसालेन संस्थेचे सहसंस्थापक रिचर्ड प्राइस अशा गटात बसले आणि तिथली हिंसा पाहून दुरावले. जानेवारी १९७९मध्ये आश्रमाने ही हिंसा थांबवल्याचे जाहीर केले. माणसाला आधी सर्वांदेखत मोडायचे आणि लगेच कुशीत घ्यायचे, हा क्रम समजला की जेनची निष्ठा कळू लागते. वे बंधूंना तो क्रम दिसत नाही. त्यांना त्यातली खळबळ दिसते.

अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट लिफ्टन यांनी चीनमधील विचारबदलावरच्या १९६१च्या ग्रंथात ‘भारलेली भाषा’ हे एक लक्षण सांगितले आहे. पुण्यात तसा शब्द होता ‘अहंकार’. शंका आली? अहंकार. राग आला? अहंकारच. आपल्या संतांनीही अहंकार टाकायला सांगितला, पण तुकोबा विठ्ठलाशी भांडतात, त्याला वाटेल ते बोलतात, आणि तरी वारीतच राहतात. आश्रमात भांडण हाच रोग ठरत होता.

याला सरसकट ‘ब्रेनवॉशिंग’ म्हणणे मला पटत नाही. समाजशास्त्रज्ञ आयलीन बार्कर यांनी ब्रिटनमधल्या मूनपंथीय शिबिरांचा अभ्यास केला, तेव्हा येणाऱ्या दहांतले नऊ जण पंथात शिरलेच नव्हते. कोरेगाव पार्कातही कुणाला कोंडलेले नव्हते. म्हणूनच प्रत्येक पायरीवरचा होकार तपासायला हवा. पाच पायऱ्यांवर हो म्हटलेल्याला सहावीवर नाही म्हणायचे, तर मागच्या पाचही नाकाराव्या लागतात. नाव, मित्र, घर, सगळे.

मुलांनी मात्र पहिलाही होकार दिलेला नव्हता. इंग्लंडच्या टिम गेस्ट यांचे बालपण आईबरोबर या कम्यूनांत गेले. २००४च्या ‘माय लाइफ इन ऑरेंज’ या पुस्तकात त्यांनी ते लिहिले आहे. सगळे सर्वांचे असलेल्या त्या जगात हे पोर आपल्या एकट्याची आई शोधत फिरते. मालिकेच्या सहा भागांत मुले दिसतात. कुणी त्यांना काही विचारत नाही.