सन्मुख गायन आणि परोक्ष गायन : ‘शीळ’च्या निमित्ताने एक विचार

मराठी भावगीताच्या उगमाचा शोध घेणारा अभ्यासक बहुधा मेहकरपाशी येऊन पोहोचतो. बुलढाणा जिल्ह्यातील या तालुक्याच्या गावी राहून वकिली करणारे कवी नागोराव घनश्याम देशपांडे (१९०९–२०००) यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांनी स्वतः चाल लावून गायिली, आणि १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तिची ध्वनिमुद्रिका निघून ती घरोघर पोहोचली. कवीचा ‘शीळ’ हा पहिला काव्यसंग्रह मात्र १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे ज्या कवितेवरून संग्रहाला नाव मिळाले, ती कविता पुस्तकाच्या वाचकापूर्वी सुमारे दोन दशके ग्रामोफोनच्या श्रोत्यास पाठ झालेली होती. या क्रमाचा उल्लेख कौतुकाने केला जातो. त्याचा अर्थ क्वचितच विचारला जातो.

हा क्रम महत्त्वाचा अशासाठी, की त्यामुळे एक प्रश्न उपस्थित होतो. काही गायक-वादक श्रोत्यांसमोर बसल्यावाचून आपली कला पुरी झाली असे मानीत नाहीत. काही मात्र सभेपासून दूर राहतात आणि ध्वनिमुद्रिका, नभोवाणी किंवा शिष्याची तालीम एवढ्यावरच संतुष्ट असतात. या भेदाचे कारण काय? सामान्यतः याचे उत्तर स्वभावात शोधले जाते. एक धीट, दुसरा संकोची. एक लोकप्रियतेचा भुकेला, दुसरा विरक्त. चरित्रकाराला हे उत्तर सोयीचे असते. समीक्षेला त्याचा उपयोग थोडा, कारण त्याने व्यक्तीविषयी काही कळले तरी तिच्या गाण्याविषयी काहीच कळत नाही.

‘शीळ’ या कवितेचाच विचार करावा. तीत बोलणारी स्त्री आहे. तिला रानातून आलेली शीळ ऐकू येते आणि शीळ घालणाऱ्या प्रियकराला ती लटक्या रागाने बोल लावते. स्वर येऊन पोहोचला आहे, स्वराचा धनी समोर नाही, अशा क्षणी ही कविता सुरू होते. ग्रामोफोनपुढे बसलेल्या श्रोत्याची अवस्था याहून फारशी निराळी नसते. त्यालाही कोठून तरी दुरून आलेला आवाज ऐकू येतो आणि गाणारा दिसत नाही. या साम्यावर फार मोठी इमारत उभारणे योग्य होणार नाही. कवीने ग्रामोफोन डोळ्यांपुढे ठेवून ही रचना केली असे सुचविण्याचाही येथे हेतू नाही. तथापि मराठीत ज्या गीताने परोक्ष गायनाची गोडी प्रथम लावली त्यांपैकी एक प्रमुख गीत स्वतःच परोक्ष स्वराविषयीचे असावे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

येथे आणखी एक मुद्दा पुढे केला जाण्याचा संभव आहे. स्त्रीच्या तोंडचे शब्द पुरुष गायकाने सभेत म्हणणे विसंगत दिसले असते, ध्वनिमुद्रिकेने ती विसंगती झाकली, असा तो मुद्दा. तो टिकत नाही. बैठकीत पुरुष गवई स्त्रीमुखाच्या ठुमऱ्या शतकाहून अधिक काळ गात आले आहेत आणि श्रोत्यांना त्यात वावगे वाटलेले नाही. ज्ञानदेवांपासूनच्या संतांनीही विराण्या स्त्रीभावाने रचल्या व त्या पुरुषांच्याच मेळ्यात गायिल्या गेल्या. तेव्हा कारण अन्यत्र शोधले पाहिजे, आणि ते आवाजाच्या मापात आहे. १९२५ नंतर विद्युत् ध्वनिमुद्रण प्रचारात येईपर्यंत गायकाला कर्ण्यात तोंड घालून मोठ्याने गावे लागे. मायक्रोफोन आल्यावर कुजबुजीच्या जवळ जाणारा, एका माणसाला उद्देशून बोलल्यासारखा स्वर मुद्रित होऊ लागला. नाट्यपदाला मागच्या रांगेपर्यंत पोहोचणारा गळा हवा होता. भावगीताला तो नको होता. सुमारे तीन मिनिटांची मर्यादा, जी ख्यालगायकाला फासाप्रमाणे वाटे, ती चार कडव्यांच्या कवितेला बरोबर मापाची निघाली. जी. एन. जोशी हे पेशाने वकील होते. १९३८ मध्ये ते एच. एम. व्ही. कंपनीच्या नोकरीत शिरले आणि पुढे कित्येक वर्षे इतरांचे गाणे मुद्रित करण्यात त्यांनी घालविली. पुष्कळांनी यात एका गायकाची हानी पाहिली. परंतु ज्याची कला मायक्रोफोनसमोरच सिद्ध झाली त्याने मायक्रोफोनच्या घरी मुक्काम करावा, यात विपरीत असे काही नाही.

याच्या उलट बाजूला अल्लादियाखाँ (१८५५–१९४६) आणि भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) उभे आहेत. या दोघांच्याही गायनाची ध्वनिमुद्रिका उपलब्ध नाही. भास्करबुवांचे आयुष्य लवकर संपले. पण अल्लादियाखाँ ग्रामोफोनचा धंदा भारतात रुजल्यावर चार दशके हयात होते. घराण्याच्या चिजा इतरांच्या हाती पडतील ही भीती अशा नकारामागे असे, असे सांगितले जाते, आणि ज्या काळी चीज हेच गवयाचे धन होते त्या काळी ती भीती खोटीही नव्हती. परंतु तेवढ्याने उलगडा होत नाही, कारण चोरी बैठकीतही होऊ शकत होती आणि होतही होती. याहून खोल कारण असे, की जयपूर घराण्याच्या गायकीत रागाचा विस्तार हा एकसंध ओघ आहे. त्याचा तीन मिनिटांचा तुकडा हा त्या गायकीचा नमुना होत नाही. नदीचे पाणी लोट्यात भरून आणले तर पाणी मिळते, पण ओघ कसा आहे हे कळत नाही.

अल्लादियाखाँच्या शिष्या केसरबाई केरकर यांचे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. त्यांनी ध्वनिमुद्रिका दिल्या. नभोवाणीवर गाण्याचे मात्र नाकारले. ध्वनिमुद्रिका विकत घेणारा मनुष्य निदान ते गाणे निवडतो. नभोवाणीचे गाणे कोणाच्याही कानावर, कोणत्याही कामाच्या गडबडीत पडते. निवडलेल्या श्रोत्यांसमोर गाणाऱ्या बाईंना हा फरक मोठा वाटला असल्यास नवल नाही. आणि तरीही, १९७७ मध्ये, ज्या वर्षी त्यांचे निधन झाले त्याच वर्षी, व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेल्या तबकडीवर भारताच्या वतीने त्यांचीच भैरवी आहे. श्रोता निवडून गाणाऱ्या गायिकेचा स्वर ज्याला श्रोता मिळेल की नाही हेच अज्ञात आहे अशा प्रवासाला निघाला. यावर हसावे की स्तब्ध व्हावे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आतापर्यंतच्या उदाहरणांवरून सभा आणि ध्वनिमुद्रिका ही दोनच टोके आहेत असा समज होणे शक्य आहे. तसे नाही. कॅनडाचा पियानोवादक ग्लेन गूल्ड याने १० एप्रिल १९६४ रोजी लॉस एंजेलिस येथे अखेरचा जाहीर कार्यक्रम केला आणि त्यानंतर १९८२ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो केवळ ध्वनिमुद्रणासाठी वाजवीत राहिला. सभेत वादकाला एकच संधी असते, आणि त्यातून कलेऐवजी कसरतीला उत्तेजन मिळते, अशी त्याची धारणा होती. इकडे मुंबईत अन्नपूर्णादेवी यांनीही सभा सोडली. परंतु त्यांनी ध्वनिमुद्रिकाही दिली नाही. दीर्घवादनाच्या तबकड्या आल्या, कॅसेट आल्या, वेळेची अडचण पूर्णपणे मिटली, तरी २०१८ मध्ये निधन होईपर्यंत त्यांचा निश्चय बदलला नाही. तेव्हा कालमर्यादेचे जे कारण अल्लादियाखाँच्या बाबतीत पुरेसे वाटते ते येथे लागू पडत नाही. अन्नपूर्णादेवींच्या मौनाला त्याग म्हणण्याची व त्यावर हळहळण्याची प्रथा आहे. ही प्रथा भावुकतेची आहे, आणि तिने एका साध्या गोष्टीकडे दुर्लक्ष होते : त्या गप्प नव्हत्या, शिकवीत होत्या. निखिल बॅनर्जी आणि हरिप्रसाद चौरसिया यांनी त्यांच्याकडे तालीम घेतली. जो श्रोता ऐकलेले पुन्हा वाजवून दाखवू शकतो त्याच्याचसाठी वाजवावे, असा या निवडीचा अर्थ लावता येतो, आणि तो लावल्यावर त्याग हा शब्द अपुरा वाटू लागतो.

गायक कोठे गातो याचे उत्तर, यावरून, तो संगीताचा पूर्ण घटक कशाला मानतो यात आहे असे दिसते. ज्याच्या मते ती घटना म्हणजे रात्रभराची बैठक, तो तबकडीला भितो. ज्याच्या मते ती निर्दोष रचना, तो सभेला कंटाळतो. ज्याच्या मते ती परंपरेचे हस्तांतरण, त्याला दोन्हींची गरज भासत नाही. अर्थात पैशाचा प्रश्न उरतोच. बिदागीवर घर चालविणाऱ्या गवयाला तत्त्वाची निवड नेहमीच परवडते असे नाही. कापसाच्या पेठांच्या आशेने वऱ्हाडचा दौरा काढणाऱ्या नाटक मंडळ्या खामगाव-अकोल्यास केवळ कलेच्या ओढीने येत नसत. परंतु पैसा गायकाला कोठे नेतो हे सांगता आले, तरी तेथे तो का रमतो किंवा का कोमेजतो हे त्यातून कळत नाही.

या घटकाची कल्पना बदलू शकते, याचा पुरावा भावगीताच्याच पुढील इतिहासात आहे. ध्वनिमुद्रिकेच्या मायक्रोफोनवर वाढलेले हे गीत, तोच मायक्रोफोन व्यासपीठावर आल्यावर, गणेशोत्सवाच्या गर्दीत गायिले जाऊ लागले. गजानन वाटवे (१९१७–२००९) यांनी त्याचे जाहीर कार्यक्रम केले आणि भावगीताला श्रोत्यांचा समुदाय मिळवून दिला. ‘गीतरामायणा’चे स्थित्यंतर त्याहून बोलके आहे. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर छप्पन्न आठवडे ते प्रसारित झाले तेव्हा निरनिराळ्या पात्रांची गीते निरनिराळे गायक गात होते. पुढे सुधीर फडके ते सभांतून एकटे गाऊ लागले. नभोवाणीवर श्रोता पात्रांचे आवाज ओळखीत होता. सभेत तो एका कथेकऱ्याला पाहू लागला. शब्द तेच, चालीही त्याच, परंतु नाट्याचे कीर्तन झाले. जी कृती परोक्ष असताना अनेकांची होती ती सन्मुख येताच एकाची झाली, या उलटापालटीचा विचार ‘गीतरामायणा’वरील विपुल लेखनात व्हावा तेवढा झालेला नाही.

कीर्तनाचा उल्लेख आला, त्याबरोबर बुलढाणा जिल्ह्याकडे पुन्हा वळणे क्रमप्राप्त आहे. कारण या जिल्ह्यातील बहुसंख्य संगीत वर सांगितलेल्या कोणत्याच कोटीत बसत नाही. शेगावहून आषाढीसाठी निघणारी श्रीगजाननमहाराजांची पालखी सुमारे महिनाभर पायी चालून पंढरपुरास पोहोचते. त्या वाटेवर टाळकरी आणि पखवाजी तासन् तास गातात, वाजवितात. हे सन्मुख गायन आहे काय? समोर कोणी नाही. रस्त्याच्या कडेला उभे राहून ऐकणारे गावकरी असतात, पण गाणे त्यांच्यासाठी चाललेले नसते. आणि त्यांच्यातला कोणी दिंडीत शिरला की तो श्रोता उरत नाही, टाळकरी होतो. येथे गायक सभेत गातो की गात नाही हा प्रश्नच निरर्थक ठरतो, कारण सभेची पहिली अट, म्हणजे गाणारे आणि ऐकणारे यांच्यामधील रेषा, येथे आखलेलीच नाही. तुकडोजी महाराजांच्या (१९०९–१९६८) खंजिरी-भजनात ती रेषा अर्धवट दिसते : एक गाणारा पुढे आहे, हजारो ऐकणारे समोर आहेत, पण धृपद उचलले जाताच सगळेच गाणारे होतात. गोंधळ्याच्या बाबतीत श्रोता म्हणावा तर तो देवता. यजमानाचे कुटुंब हे निमित्त.

विद्यापीठीय अभ्यासाच्या दृष्टीने यातून एक गंभीर अडचण निर्माण होते. एखाद्या जिल्ह्याच्या संगीताचा इतिहास लिहावयाचा तर साधने ध्वनिमुद्रिकांची आणि जाहीर कार्यक्रमांच्या वृत्तांतांची. या साधनांवर विसंबले तर बुलढाणा जिल्ह्याच्या वाट्याला मेहकरची ‘शीळ’ येते, आणि तीही गायिली दुसऱ्याने, मुद्रित केली कंपनीने. ज्यांनी ध्वनिमुद्रण नाकारले त्यांचा निदान नकार तरी नोंदविला गेला आहे. अल्लादियाखाँची तबकडी नाही, ही गोष्ट इतिहासाला ठाऊक आहे. ज्यांना कोणी विचारलेच नाही, ज्यांच्या डोळ्यांपुढे निवड म्हणून काही कधी आलेच नाही, त्यांचा अभावही नोंदला जात नाही. मग संकोची आणि धीट, विरक्त आणि लोकप्रिय, अशी जी विभागणी समीक्षक करतात ती मूठभर नामवंतांपुरतीच उरते.

ध्वनिमुद्रक घेऊन गावी जाणाऱ्या संशोधकापुढे हीच अडचण दुसऱ्या रूपाने उभी राहते. घरी कुलाचार नसताना, दिवट्या पेटलेल्या नसताना, दिवसाउजेडी यंत्रासमोर गोंधळ्याला देवतांचे आवाहन म्हणावयास सांगितले, तर तो ते म्हणेलही. शब्द नीट मुद्रित होतील आणि त्यांचे संपादनही शक्य होईल. परंतु आवाहनानंतर जी यावयाची ती देवता तेथे अपेक्षित नसते, आणि म्हणणाऱ्याला ते ठाऊक असते. त्या मुद्रणाला गोंधळ म्हणावे, की गोंधळाच्या शब्दांचे पठन म्हणावे, याचा निर्णय संहितेवरून लागणार नाही. मुद्रण कोठे, कोणत्या प्रसंगी आणि कोणासमोर झाले, याची नोंद संहितेच्या आधी आली पाहिजे. आणि ज्या प्रबंधांत ती परिशिष्टाच्या अखेरच्या पानावर, किंवा कोठेच, सापडत नाही, त्यांतील संहिता कितीही शुद्ध असल्या तरी त्यांवरून काढलेले निष्कर्ष गोंधळाविषयीचे आहेत की यंत्रासमोरच्या पठनाविषयीचे, हे परीक्षकाने प्रथम विचारावयास हवे.