यंत्राचा गोंगाट आणि यंत्राची शांतता

मराठी समीक्षेत 'यंत्रयुग' ही संज्ञा इतकी रुळली आहे की, तिच्या मुळाशी असलेल्या गृहीताची तपासणी क्वचितच होते. बा. सी. मर्ढेकरांचा 'काही कविता' (१९४७) हा संग्रह आल्यापासून यंत्र म्हणजे महानगर, गर्दी, धूर आणि गोंगाट असे समीकरण दृढ झाले. त्याच्या दुसऱ्या टोकाला, यंत्राचा स्पर्श न झालेले शांत खेडे उभे करण्यात आले. मर्ढेकरांच्या कवितेत हा अनुभव अस्सल होता, याविषयी दुमत नाही. मात्र एका कवीच्या अनुभवातून आलेली प्रतिमा पुढे समीक्षेचा संकेत बनली आणि औद्योगिकीकरणाने समाजाची केलेली हानी ही प्रामुख्याने संवेदनेची हानी आहे, असे मानले जाऊ लागले.

हा संकेत किती अपुरा आहे, हे औंढा नागनाथच्या परिसराकडे पाहिले की ध्यानात येते. हिंगोली जिल्ह्यातील या ज्योतिर्लिंगक्षेत्राच्या तालुक्यात, दुधाळा येथे, गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी 'लायगो-इंडिया' ही वेधशाळा नियोजित आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने फेब्रुवारी २०१६ मध्ये तिला तत्त्वतः मान्यता दिली आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली. प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजांच्या या उपकरणाला प्रोटॉनच्या व्यासाच्या सहस्रांशाहूनही सूक्ष्म असा बदल टिपायचा असतो. त्यामुळे रेल्वे, वाहतूक आणि कारखाने यांच्या कंपनांपासून दूर असलेली भूमी ही त्याची पहिली गरज ठरते. ज्या प्रदेशाला उद्योगांच्या अभावामुळे मागास म्हटले गेले, त्याची शांतता हीच येथे तंत्रज्ञानाची सामग्री झाली आहे. यंत्र म्हणजे गोंगाट, या समीकरणात अशा यंत्राला जागा नाही. तेव्हा यंत्राचा समाजावरील परिणाम जोखण्यासाठी वेगळा निकष शोधणे आवश्यक ठरते.

या निकषाच्या शोधात आनंद यादव यांची 'गोतावळा' (१९७१) ही कादंबरी विशेष उपयुक्त ठरते. मालकाच्या मळ्यावर राबणारा नारबा हा गडी आपली कहाणी स्वतःच्या बोलीत सांगतो. मळ्यात ट्रॅक्टर येतो आणि ज्या जनावरांना नारबा आपला गोतावळा मानत आला, त्यांची गरजच संपते. निसर्ग विरुद्ध यंत्र अशा द्वंद्वाच्या आधारे या कादंबरीचे वाचन करणे सोपे आहे, पण कृतीला ते न्याय देत नाही. नारबाची जनावरांवरील माया त्याच्या एकाकीपणातून आणि परावलंबनातूनही वाढलेली आहे. मळा त्याचा नाही, बैल त्याचे नाहीत आणि ट्रॅक्टर घेण्याचा निर्णयही त्याचा नाही. म्हणजे हरवलेले जग सुवर्णयुग नव्हते. नवे तंत्र नारबाला जुन्या परावलंबनातून मुक्त करीत नाही. त्या परावलंबनाला सुसह्य करणारे नाते तेवढे तोडते. हानीचे खरे स्थान येथे आहे. कादंबरीचे निवेदन बोलीत असणे हेही त्यामुळे केवळ प्रादेशिक रंगापुरते उरत नाही. दावण, औत, मोट हे शब्द ज्या व्यवहारात जिवंत होते, तो व्यवहारच आटत असताना त्याच शब्दांत कहाणी सांगितली जाते. आशयातील हानी अशा रीतीने रूपातही प्रत्ययास येते.

याच्या नेमके उलट चित्र जयंत पवार यांच्या 'अधांतर' (१९९७) या नाटकात आढळते. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या, सुमारे अडीच लाख कामगारांच्या गिरणी संपानंतरचे गिरणगावातील एक कुटुंब त्याच्या केंद्रस्थानी आहे. येथे यंत्र येत नाही, ते थांबते. भोंगा बंद पडल्यावर पसरते ती शांतता सुखाची नाही. घरातील माणसे एकमेकांपासून तुटत जातात. रूढ संकेत मानायचा तर गोंगाट शमल्याबरोबर हानीही संपायला हवी होती. मळ्यातील नारबा आणि चाळीतील हे कुटुंब यांच्यातील साम्य ध्वनीच्या पातळीवर सापडत नाही. ज्या निर्णयाने आयुष्य बदलले, त्या निर्णयात त्यांना स्थान नव्हते, हे त्यांच्यातील साम्य आहे.

साहित्यकृतीला समाजशास्त्राचा पुरावा बनवू नये, हा आक्षेप येथे संभवतो. तो रास्तही आहे. परंतु निर्णयापासून दूर ठेवलेल्या माणसाच्या तोंडी निवेदन देणे किंवा घराच्या चार भिंतींत नाट्य बांधणे, हे लेखकांचे रूपविषयक निर्णय आहेत. त्यांचा अर्थ लावणे हे समीक्षेचेच काम आहे आणि यंत्राला केवळ प्रतीक मानणारी समीक्षा ते टाळते.

औंढ्याची वेधशाळा ट्रॅक्टरसारखी कोणाचे औत सोडवीत नाही आणि गिरणीसारखा धूरही सोडणार नाही. तिला आगाऊ दोषी ठरविणे हे जुन्या संकेताचेच आंधळे अनुकरण होईल. पण धूर नाही म्हणून तिच्याविषयी प्रश्नच उरत नाही, असे मानणे हेही त्याच संकेताचे दुसरे रूप होय. नामदेवांना औंढ्याच्या देवळापुढून मागे हटविले गेले तेव्हा त्यांच्यासाठी देऊळच फिरले, अशी आख्यायिका आहे. तिची ऐतिहासिकता बाजूला ठेवली, तरी तिच्यातील मूल्यविचार स्पष्ट आहे : बाहेर ठेवलेल्या माणसाकडे वास्तूने तोंड वळवावे. तंत्रज्ञानाविषयीच्या साहित्याचे वाचन करताना यंत्र किती आवाज करते, यापेक्षा कोण कोणासाठी वळतो, हे पाहणे अधिक फलदायी ठरेल. 'गोतावळा'मध्ये माणसाला वळावे लागते, 'अधांतर'मध्येही त्यालाच. दुधाळ्याच्या शांततेविषयी उद्या कोणी लिहील, तेव्हा त्या लेखनापुढेही हाच प्रश्न असेल.